कुठेतरी पाणी मुरते आहे
औद्योगिक तेलांतील पाण्याच्या मोजमापाविषयी : प्रस्तावना

पाणी आणि तेल एकत्र नांदत नाहीत, हे आपण शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात पाहिलेले असते आणि तोच विश्वास घेऊन कारखान्यात येतो. टाकीच्या तळाशी पाणी दिसले तर ड्रेन कॉक उघडून काढायचे, दिसले नाही तर तेल कोरडे समजायचे, हा रोजचा व्यवहार त्याच विश्वासावर चालतो. हा विषय शिकायचा तर आधी तो विश्वास सोडावा लागतो. तेल पाणी विरघळवून घेते. थोडेच घेते, पण यंत्राचे आयुष्य खाण्याइतके ते नक्की असते. एखाद्या टर्बाइनच्या टाकीत वीस हजार लिटर तेल आहे असे धरू. त्यात १०० पीपीएम, म्हणजे दशलक्षात शंभर भाग पाणी असेल, तर आकारमानाने मोजता अख्ख्या टाकीत ते दोन लिटर भरेल. तेल तरीही नितळ दिसू शकते, वासात फरक पडत नाही, बोटांत चोळून काही कळत नाही. अनुभवी फिटरची नजर अनेक गोष्टी पकडते. ही पकडू शकत नाही.

पाणी तेलात तीन रूपांनी राहते. विरघळलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही. त्यापुढचे बारीक थेंबांच्या रूपात पसरते. तेल आधी धुरकट आणि मग दुधाळ होते. उरलेले मोकळे पाणी खनिज तेलापेक्षा जड असल्याने तळाला बसते. इथे एक अपवाद लगेच सांगून ठेवतो, कारण तो पुस्तकांच्या तळटिपांत हरवतो. टर्बाइनच्या गव्हर्निंग यंत्रणेत आग सहज न पकडणारे फॉस्फेट एस्टर वापरतात. ते पाण्यापेक्षा जड असते. तिथे मोकळे पाणी वर तरंगते आणि खालचा कॉक उघडून वाट पाहणाऱ्याच्या हाती फक्त महागडे एस्टर लागते.

या तीन रूपांमधली सीमा कुठे आहे, हा या विषयाचा गाभा. ती सीमा तेलागणिक आणि तापमानागणिक सरकते. ट्रान्सफॉर्मरचे खनिज तेल २० अंश सेल्सिअसला सुमारे ५५ पीपीएम पाणी विरघळवून घेते. तेच तेल ६० अंशांना सुमारे २४० पीपीएम पेलते. वनस्पतिजन्य एस्टर तेल साध्या तापमानालाच हजाराच्या आसपास पाणी पोटात घेऊन शांत राहते. म्हणजे ‘तेलात २०० पीपीएम पाणी सापडले’ या वाक्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. एस्टरमध्ये ती किरकोळ बाब. गरम खनिज तेलात ती धोक्याजवळची बाब, आणि थंड खनिज तेलात याच आकड्याचा अर्थ तळाशी पाणी साचले आहे असा होतो. प्रयोगशाळेच्या अहवालात पीपीएमचा रकाना ठळक असतो आणि नमुना घेतानाच्या तापमानाचा रकाना बहुतेक वेळा कोरा. मला विचाराल तर अहवाल वाचण्याआधी तो कोरा रकाना पाहावा.

याचा परिणाम यंत्र बंद होते तेव्हा दिसतो. वरच्याच आकड्यांचा ढोबळ आधार घेऊ. टर्बाइन तेलाचे आकडे थोडे वेगळे असतील, चाल तीच. ६० अंशांवर फिरणाऱ्या तेलात १५० पीपीएम पाणी आहे. क्षमतेच्या साठ-बासष्ट टक्के, सगळे विरघळलेले, तक्रारीला जागा नाही. शनिवारी यंत्र थांबते आणि तेल निवू लागते. साधारण ४६ अंशांच्या खाली उतरताच पाणी सुटे होऊ लागते. २५ अंशांपर्यंत तेलाची क्षमता ७० पीपीएमच्याही खाली आलेली असते. उरलेले ऐंशी-एक पीपीएम, म्हणजे वीस हजार लिटरमागे दीड लिटरहून अधिक पाणी, बेअरिंगच्या खाचांत, पाइपांच्या वळणांत, टाकीच्या भिंतींवर उतरते. सोमवारी यंत्र सुरू होते, तेल तापते, बरेचसे पाणी पुन्हा विरघळते आणि मंगळवारच्या नमुन्यात तेच १५० पीपीएम येते. मधल्या दोन दिवसांत पोलादाला काय झाले ते त्या आकड्यात नाही.

काय झाले असेल? गंज तर उघडच आहे. त्याहून कमी दिसणारी गोष्ट बेअरिंगच्या गोळ्याखाली घडते. गोळा आणि कडी यांच्यामधल्या इवल्याशा जागेत दाब काही हजार वातावरणांच्या घरात जातो. त्या दाबाखाली तेल क्षणभर इतके घट्ट होते की मायक्रॉनहून पातळ थरही धातूला धातूपासून दूर ठेवतो. पाण्याला ही विद्या येत नाही. दाबाने ते म्हणावे तसे घट्ट होत नाही. तिथे थेंब शिरला की तो थर त्या जागी लुळा पडतो. शिवाय पोलादाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगांत पाणी शिरते, त्यातून मोकळा होणारा हायड्रोजन धातूत मुरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. भेगा वाढतात, पृष्ठभागावर खड्डे पडतात. पाणी तेलाचीही मोडतोड करते: तांब्या-लोखंडाच्या साथीने ऑक्सिडेशन वाढवते, झिंकयुक्त पूरकद्रव्ये फोडते, एस्टरचे पुन्हा आम्ल आणि अल्कोहोल करते. टर्बाइन तेलाच्या टिकाऊपणाची एक जुनी प्रमाणित चाचणी मुद्दाम ३०० मिलिलिटर तेलात ६० मिलिलिटर पाणी आणि लोखंड-तांब्याच्या तारेचे वेटोळे घालून, ९५ अंशांवर ऑक्सिजन सोडून केली जाते. चाचणी बांधणाऱ्यांना ठाऊक होते की टर्बाइनच्या तेलाला पाण्याची सोबत टळत नाही.

बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब सांगताना एक सूत्र हमखास पुढे येते, म्हणून त्याची ओळख आणि त्याबद्दलची सावधगिरी दोन्ही इथेच देतो. अमेरिकेतल्या कँटली यांनी १९७७ साली शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. १०० पीपीएम पाणी हा पाया धरला, तर सापेक्ष आयुष्य म्हणजे शंभर भागिले पाण्याचे पीपीएम, या गुणोत्तराचा ०.६ वा घात. पाणी २५ पीपीएमवर आणले तर आयुष्य सव्वादोन पटींच्या पुढे. ४०० पीपीएमवर गेले तर निम्म्याहून कमी. सूत्र देखणे आहे आणि विक्रेत्यांच्या सादरीकरणांत ते सर्वत्र सापडते. पण ते प्रयोग एका प्रकारच्या तेलावर आणि साधारण याच २५ ते ४०० पीपीएमच्या टप्प्यात झाले होते. त्यात पाच हजार पीपीएम घालून बेअरिंगच्या मृत्यूची तारीख काढणारे तक्ते पाहिले की सूत्राची दया येते. ते दिशा दाखवते, आणि तेवढे काम उत्तम करते.

मोजण्याच्या पद्धतींकडे येऊ. सर्वांत जुनी आणि अजूनही टिकून असलेली पद्धत स्वयंपाकघरातून आल्यासारखी आहे: सुमारे १६० अंशांच्या तव्यावर तेलाचा थेंब टाकायचा आणि ऐकायचे. फोडणीत ओली मिरची पडल्यासारखा तडतडाट झाला तर पाणी आहे. पाचशे-हजार पीपीएमच्या वर ही चाचणी बोलते, त्याखाली बहुधा गप्प बसते. आणि तिच्या गप्प बसण्याला ‘पाणी नाही’ असे समजणे ही डिझेल शेडपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे होणारी गफलत आहे. डोळ्यांवर चष्मा न लावता ही चाचणी करू नये, हेही सांगायला हवे. १९२० साली अमेरिकेच्या खाण विभागातल्या डीन आणि स्टार्क या दोघांनी ऊर्ध्वपातनाने पाणी वेगळे काढून अंशांकित नळीत मोजण्याचे उपकरण दिले. कच्च्या तेलासारख्या ओल्या मालाला ते आजही चालते. मात्र शंभर पीपीएमच्या जगात नळीत एक थेंबही धड साचत नाही.

ते जग उघडले १९३५ साली, कार्ल फिशर यांच्यामुळे. गंमत अशी की फिशर वंगणाच्या मागे नव्हते. ते जर्मनीतल्या एडेलेआनू कंपनीत काम करत होते. रुमानियन रसायनज्ञ लाझार एडेलेआनू यांच्या प्रक्रियेत पेट्रोलियम शुद्ध करायला द्रवरूप सल्फर डायऑक्साइड वापरत. त्यात पाणी राहिले की संयंत्र गंजे. सल्फर डायऑक्साइडमधले पाणी मोजण्यासाठी फिशर यांनी बुन्सेन यांची जुनी आयोडिन-अभिक्रिया हाती घेतली, तिला मिथेनॉल आणि पिरिडिन यांची जोड दिली, आणि त्यातून पाण्याशी मोजूनमापून वागणारा अभिकर्मक तयार झाला. पाणी असेपर्यंत आयोडिन खर्ची पडते, पाणी संपले की आयोडिन उरते. शेवट रंगाने, पुढे विद्युतप्रवाहाने ओळखायचा. आयोडिनच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू खर्ची पडतात असे फिशर यांना वाटले होते. एकच पडतो, हे १९३९ मध्ये अमेरिकेत स्मिथ, ब्रायंट आणि मिचेल यांनी दाखवले. चाचणी तोवर चालू होतीच, कारण अभिकर्मकाची ताकद ज्ञात पाण्यावरच ठरवून घेत. सिद्धांत चुकीचा असतानाही मोजमाप बरोबर येऊ शकते, हे विद्यार्थ्यांना सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण माझ्याजवळ नाही.

आजच्या कुलोमेट्रिक उपकरणात आयोडिन बाटलीतून ओतत नाहीत, विजेने जागेवरच तयार करतात. एक मिलिग्रॅम पाण्याला १०.७१ कुलोंब वीज लागते. वीज मोजली की पाणी मोजले. काही पीपीएमपर्यंत जाणारी ही पद्धत प्रयोगशाळेची शेवटची साक्ष मानली जाते. तिच्या साक्षीलाही उलटतपासणी हवी. झिंक डायथायोफॉस्फेटसारखी पूरकद्रव्ये, गंधकाची काही संयुगे आयोडिन स्वतःच खातात आणि नसलेले पाणी दाखवतात. उपाय म्हणून नमुना छोट्या भट्टीत तापवून, कोरड्या नायट्रोजनच्या झोताने फक्त वाफ मोजणीच्या पात्रात नेतात. हायड्रॉलिक किंवा इंजिन तेलाच्या अहवालात पाणी मोजताना हा मार्ग वापरला होता का, हा प्रश्न प्रयोगशाळेला जरूर विचारावा. बरी प्रयोगशाळा त्याने रागावत नाही.

यंत्रालाच बसणारे संवेदक वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतात. १९७३ साली फिनलंडच्या व्हैसाला कंपनीने हवामानाच्या फुग्यांसाठी पातळ पॉलिमर थराचा आर्द्रता-संवेदक आणला. त्याच तत्त्वावरचे संवेदक पुढे तेलात उतरले. त्यांना पीपीएम कळत नाही. तेल आपल्या क्षमतेच्या किती हिश्शाने भरले आहे, एवढेच ते शून्य ते एक या मापावर सांगतात. यंत्राच्या दृष्टीने बहुतेक वेळा हाच प्रश्न महत्त्वाचा असतो. पण एकदा आकडा एकला भिडला की संवेदक आंधळा होतो; तळाशी पेलाभर मोकळे पाणी आहे की बादलीभर, हे त्याला सांगता येत नाही. तेल जुने झाले की आणखी एक गुंता होतो: ऑक्सिडेशनमधून आलेली ध्रुवीय द्रव्ये पाणी जास्त धरतात, म्हणून संवेदकाचा आकडा तोच राहून पीपीएम चढत जातो. दोन्ही मापे शेजारी ठेवली तरच अर्थ लागतो.

आता आपल्या भागाकडे. महाराष्ट्रात पाणी तेलात शिरण्याच्या वाटा नाना आहेत. कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रात बेअरिंगचे तेल पाण्याच्या कूलरने थंड करतात. नळीला सुईएवढे भोक पडले आणि पाण्याचा दाब तेलाहून जास्त असला की वाट एकाच दिशेने वाहते. औष्णिक केंद्रांत टर्बाइनच्या ग्लँडमधली वाफ बेअरिंगच्या घरात डोकावते. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये एक फसवी गोष्ट घडते: गरम इंजिनात शिरलेले शीतक पाणी उडून जाते, पाण्याची चाचणी स्वच्छ येते, आणि चोराची पावले उरतात ती शीतकातल्या सोडियम आणि बोरॉनच्या रूपाने. म्हणून तिथे वर्णपटमापकाचा अहवाल पाण्याच्या अहवालाशेजारी ठेवूनच वाचायचा. तेलातून इंजिनाची नाडी वाचण्याची ही पद्धत १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांदे वेस्टर्न रेल्वेने रुजवली. १९६६च्या पीटर जोस्ट समितीच्या अहवालाने ब्रिटनला घर्षण-झिजेपायी होणाऱ्या नुकसानीचा हिशेब दाखवला, तो त्यानंतरचा.

माझ्या मते मराठी वाचकाने ज्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास करावा ते ठिकाण म्हणजे साखर कारखाना. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. नंतर गिरणीचे अवजड गिअरबॉक्स उभे राहतात, नेमके पावसाळ्यात. दिवसा आतली हवा फुगून ब्रीदरवाटे बाहेर पडते, रात्री निवताना जुलैची ओली हवा आत ओढली जाते. तेलाच्या पातळीवरचे दाते उघडे असतात. त्यांच्यावर दव धरते, गंजते, आणि थेंब तेलात उतरतात. हंगामात महिन्याच्या महिन्याला नमुने पाठवणारे कारखाने बंद हंगामात एकही पाठवत नाहीत. झीज मात्र पुढच्या हंगामात मोजली जाते आणि तिचा ठपका उसातल्या मातीवर, रसावर किंवा तेलाच्या कंपनीवर येतो. सिलिका जेलचा ब्रीदर बदलणे, आठवड्याला गिअर थोडे फिरवून दाते तेलाने ओले ठेवणे, ऑगस्टमध्ये एक नमुना काढणे, ही कामे स्वस्त आहेत. ती होत नाहीत कारण बंद हंगामात तेलाकडे पाहण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते.

ट्रान्सफॉर्मर हा वेगळाच संसार. तिथले पाणी तेलात कमी, कागदात जास्त. चाळीस टन तेलात २० पीपीएम पाणी म्हणजे किलोभरही नाही. शेजारच्या पाच टन कागद-पुठ्ठ्यात दोन टक्के ओल म्हणजे शंभर किलो. तापमान चढले की कागद पाणी सोडतो, उतरले की परत घेतो, तोही सावकाश. टी. व्ही. ऊमेन यांचे १९८३चे समतोल-वक्र या देवघेवीचा नकाशा म्हणून जगभर वापरले जातात. ते वापरताना लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वक्र समतोलाचे आहेत आणि चालू ट्रान्सफॉर्मर समतोलात क्वचितच असतो. दुपारच्या भारानंतर घेतलेला नमुना आणि पहाटेचा नमुना एकाच ट्रान्सफॉर्मरबद्दल दोन कहाण्या सांगतात.

नमुना काढणे हे प्रयोगशाळेपेक्षा अवघड काम आहे, आणि ते बहुधा सर्वांत नव्या माणसाकडे सोपवतात. वाहत्या तेलातून, फिल्टरच्या आधी, नळीतले साचलेले तेल आधी वाहू देऊन, कोरड्या बाटलीत. कोकणात जुलैमध्ये उघडी राहिलेली बाटली हवेतूनच पाणी पिते. कोरड्या ट्रान्सफॉर्मर तेलाचा आकडा तेवढ्याने बिघडतो, म्हणून त्यासाठी काचेची सिरिंज. बाटलीवर तापमान, जागा, वेळ आणि यंत्र किती तास चालू होते, हे लिहावे.

पाणी काढण्याचे तंत्र इथे मी थोडक्यातच सांगतो, कारण पुढे त्याला पुरेशी जागा आहे. मोकळे पाणी सेंट्रिफ्यूजने जाते, विरघळलेले जात नाही; त्यासाठी निर्वात निर्जलीकरण लागते. सेंट्रिफ्यूजची जन्मकथा मात्र राहवत नाही म्हणून सांगतो. स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ साली दुधातली साय वेगळी करणारे यंत्र केले, ते वेगाने फिरवायला पुढच्या दशकात छोटे वाफेचे टर्बाइन बांधले, आणि आज त्यांच्या वंशातली सेंट्रिफ्यूज वाफेच्याच टर्बाइनचे तेल धुतात. त्यांच्या नावाच्या अल्फा लावाल कंपनीचा पुण्याजवळ दापोडीला दीर्घकाळ कारखाना आहे.

राहिला मर्यादेचा प्रश्न. ‘किती पीपीएमपर्यंत चालेल?’ हे या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारतो. उपयोगी उत्तर असे: आपल्या यंत्रात तेल ज्या सर्वांत थंड जागी पोहोचते, तिथल्या क्षमतेच्या निम्म्याखाली पाणी राहिले पाहिजे. हे वापरायचे तर आपल्या तेलाची क्षमता-रेषा हवी, आणि ती पुस्तकात मिळत नाही; नवे तेल, जुने तेल, वेगवेगळी पूरकद्रव्ये यांच्या रेषा वेगळ्या. ती स्वतः काढता येते. एकाच तेलात संवेदकाने हिस्सा मोजावा, त्याच वेळी फिशर चाचणीने पीपीएम. पीपीएमला हिश्शाने भागले की त्या तापमानाची क्षमता मिळते. हिस्सा एकपेक्षा कमी असायला हवा, एवढीच अट. क्षमतेचा लॉगरिदम उभ्या अक्षावर आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त आडव्या अक्षावर घेतला की रेषा सरळ येते. पुढची प्रकरणे वाचायला घेण्याआधी आपल्या एका तरी यंत्राची ही रेषा काढून ठेवावी. दोन तापमाने पुरतात, पण तिसरेही घ्यावे. दोन बिंदूंतून जाणारी रेषा नेहमीच सरळ असते.